आधी सुई, मग सुरी : मुलांमधील ऱ्हॅब्डोमायोसार्कोमावर उपचार करून घेताना

‘गाठीला हत्यार लावू नये, लावले की ती चवताळते’ हे वाक्य मुलांच्या कर्करोग विभागाबाहेरच्या बाकांवर मी इतक्या आज्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते खोडून काढायच्या फंदात मी पडत नाही. त्यात अर्धे तथ्य आहे. घाईने, चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमाने लावलेले हत्यार मुलाचे खरोखरच नुकसान करते. नीट आखून घातलेली बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणारी, सुई मात्र तसे करत नाही. उलट तिच्याशिवाय पुढचा कोणताही उपचार धडपणे सुरू करता येत नाही. मुलांच्या मऊ ऊतींमध्ये, म्हणजे स्नायू, चरबी आणि त्यांच्याभोवतीच्या आवरणांमध्ये, जे कर्करोग होतात त्यांपैकी सर्वाधिक आढळणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा आहे. त्याच्या उपचारात हा क्रम कसा सांभाळावा, ते येथे पालकांसाठी आणि ज्यांच्या दवाखान्यात असे मूल सर्वांत आधी येते त्या फॅमिली डॉक्टरांसाठी लिहिले आहे. औषधांचे डोस आणि वेळापत्रक मुलाचे वय, वजन आणि तपासण्या पाहून तज्ज्ञच ठरवतात, त्यामुळे त्यांत मी शिरणार नाही.

‘सर्वाधिक आढळणारा’ असला तरी हा आजार दुर्मीळच आहे. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच मुलांना तो होतो आणि लहान मुलांच्या दर शंभर कर्करोगांमध्ये त्याचा वाटा साधारण तीन इतका असतो. गावात ३० वर्षे दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांनी तो एकदाही पाहिलेला नसणे अगदी स्वाभाविक आहे. त्यामुळे पहिल्या भेटीत ‘मुका मार असेल’, ‘अवधाण आले असेल’ किंवा ‘चरबीची गाठ दिसते’ असे सांगितले गेले, तर रागावण्यापेक्षा दुसरी भेट किती दिवसांनी, हे तिथेच ठरवून घेणे शहाणपणाचे असते. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ती प्रत्येक आईच्या मनात असते : पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे हा आजार होत नाही. मार लागल्यावर आपण त्या जागेकडे निरखून पाहतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते, इतकेच.

कोणत्या गाठीसाठी थांबू नये

या गाठीचे फसवेपण असे की ती बहुधा दुखत नाही. गळू किंवा बेंड असेल तर ते लाल होते, ठणकते, ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत निकाल लागतो. ही गाठ मात्र शांतपणे वाढत राहते. दोन-तीन आठवड्यांत जिचा आकार वाढला, जी कातडीखाली सहज सरकत नाही तर खोल स्नायूला धरून असल्यासारखी लागते, जी पाच सेंटिमीटरच्या, म्हणजे मोठ्या लिंबाच्या आसपास पोचली आहे, किंवा जी एकदा काढून पुन्हा त्याच जागी आली, अशा कोणत्याही गाठीची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. तेल लावून ती चोळू नये, लेप बांधू नये आणि गरम शेकही देऊ नये.

पण निम्म्याहून अधिक मुलांमध्ये गाठ हातापायावर नसतेच. ती डोक्या-मानेच्या भागात किंवा लघवीच्या आणि जननेंद्रियांच्या भागात असते आणि तिथे ती दिसण्याआधी तिची लक्षणे दिसतात. एकच डोळा काही दिवसांत पुढे आल्यासारखा दिसणे किंवा पापणी जड होणे, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा घाण वास येणारा स्राव येणे, औषधे घेऊनही कान वाहायचे न थांबणे आणि त्यातून मांसल कोंब डोकावणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, लघवी अडणे किंवा तीत रक्त दिसणे, लहान मुलीच्या योनीमार्गातून द्राक्षाच्या घोसासारखा मऊ भाग बाहेर येणे, मुलाच्या अंडकोशात न दुखणारी कडक गाठ लागणे, ही सगळी या आजाराची रूपे असू शकतात. शेवटच्या दोन गोष्टी संकोचापायी घरातच दडवल्या जातात. मूल स्वतः सांगत नाही आणि आंघोळ घालणाऱ्या माणसाच्या लक्षात आले तरी ते बोलत नाही.

पहिली शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नव्हे

सात वर्षांच्या एका मुलाची पोटरी माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोटरीवर आडवा, पाच टाक्यांचा, बरा झालेला व्रण, आणि त्याच्या दोन्ही टोकांना त्वचा पुन्हा ताणलेली. डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी होत्या : गाठ काढली, ड्रेसिंग तिसऱ्या दिवशी. काढलेली गाठ कुठे आहे, असे विचारल्यावर वडील म्हणाले, ‘‘साहेब, बाटलीत दाखवली होती आम्हांला. तपासायला पाठवायची का विचारलं, तर गरज नाही म्हणाले.’’ कर्करोगाच्या गाठीला चरबीची गाठ समजून असे ‘सोलून’ काढले की कडेच्या पेशी मागे राहतात, रक्तस्रावाबरोबर त्या आजूबाजूच्या थरांत पसरतात, आणि आडव्या छेदामुळे पुढच्या शस्त्रक्रियेत किंवा किरणोपचारात कितीतरी जास्त भाग धरावा लागतो. त्यातच गाठ तपासलेली नसली तर आजाराचे नाव कळायला आणखी महिना जातो. त्या मुलावर उपचार झाले, पण जे एका उभ्या छेदात भागले असते त्यासाठी पोटरीचा मोठा हिस्सा द्यावा लागला.

म्हणून कुणी ‘छोटेसे ऑपरेशन आहे, आज दाखल करा, उद्या घरी’ असे म्हणाले, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. एमआरआय झाल्याशिवाय ही गाठ काढणे योग्य आहे का? आधी बायोप्सी का नको? आणि काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला जाणार आहे ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे ऑपरेशन करून घेऊ नये. मुलाच्या अंगातून काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे.

बायोप्सीचाही एक रिवाज आहे आणि तो पाळला जातो की नाही याकडे पालकांनी लक्ष द्यायला हरकत नाही. आधी एमआरआय, मग बायोप्सी. उलटे केले तर सुईने झालेली सूज आणि साकळलेले रक्त यांमुळे गाठीची खरी हद्द दिसत नाही. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून केलेली एफएनएसी स्वस्त आणि सोपी असल्यामुळे बहुतेक ठिकाणी तीच आधी होते, परंतु तिच्या अहवालात फार तर ‘लहान गोल पेशींची गाठ’ एवढेच येते आणि त्या वर्णनात पाच-सहा वेगवेगळे आजार बसतात. जाड सुईने, सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने, काडीसारखे अनेक तुकडे काढणे हा योग्य मार्ग होय. सुई कोणत्या वाटेने घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवे, कारण ती वाट नंतर गाठीसकट काढता आली पाहिजे. हातापायावर उघडी बायोप्सी करावीच लागली, तर छेद हाडाच्या लांबीला समांतर, उभाच असतो.

याला अपवाद अंडकोशाच्या गाठीचा. तिथे अंडकोशाच्या कातडीतून सुई किंवा सुरी काहीही घालायचे नसते. जांघेतून छेद घेऊन वृषण आणि त्याची दोरी अखंड काढतात. कातडीतून हात घातला तर आजार जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे जायला नवी वाट मिळते.

नाव नेमके हवे

तुकडा मिळाल्यावर पॅथॉलॉजिस्ट पेशींवर डेस्मिन, मायोजेनिन आणि मायोडी-१ या स्नायूंच्या खुणा शोधतात. त्या सापडल्या म्हणजे आजाराचे आडनाव कळले. नाव अजून कळायचे असते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एम्ब्रायोनल हा लहान वयात जास्त दिसणारा आणि तुलनेने सौम्य, तर अल्व्हिओलर हा मोठ्या मुलांत, हातापायांवर आणि धडावर जास्त येणारा आणि जास्त चिवट. आता सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपापेक्षा जनुकांवर अधिक भर दिला जातो : पॅक्स-३ किंवा पॅक्स-७ हे जनुक फॉक्सओ-१ या जनुकाशी जोडले गेले आहे का, हे फिश नावाच्या चाचणीने पाहतात, आणि तशी जोड असेल तर उपचार अधिक कडक ठेवावे लागतात. अहवालात या चाचणीचा उल्लेख नसेल तर तो अहवाल अपुरा समजावा आणि ती चाचणी करून मागावी.

नाव नेमके असणे किती महत्त्वाचे, हे याच घराण्यातल्या आणखी दुर्मीळ भावंडांकडे पाहिले की पटते. किशोरवयीन मुलाच्या गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ येणारा सायनोव्हियल सार्कोमा केमोला, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांना, इतकी साथ देत नाही, त्यामुळे तिथे शस्त्रक्रियेवर मुख्य भिस्त असते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला होणारा इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा दिसायला भयंकर असतो. हात किंवा पाय फुगून जांभळा पडतो आणि पूर्वी काही बाळांचे अवयवही कापावे लागत. पण त्यातील बहुतेकांत एनटीआरके जनुकाची ठरावीक जोड असते आणि तिच्यावर नेम धरणारे लॅरोट्रेक्टिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाल्यापासून अनेक बाळांचे अवयव वाचले आहेत. डेस्मॉइड नावाची गाठ तर दूर पसरतच नाही, मात्र कापली की पुन्हा उगवते, आणि काही वेळा नुसते लक्ष ठेवले तरी आपोआप थांबते. चारही गाठी हाताला सारख्याच लागतात.

आजार किती पसरला आहे हे पाहण्यासाठी छातीचा सीटी, बहुतेक ठिकाणी पेट-सीटी आणि दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांतून बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाचा नमुना, या तपासण्या होतात. नाकाच्या मागे, कानाच्या आत किंवा कवटीच्या तळाशी गाठ असेल तर पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासतात. हातापायावरची गाठ असेल तर काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथीचा नमुना घेतात. या सगळ्यांत दहा-बारा दिवस जातात. ‘उपचार सुरूच करत नाहीत, नुसत्या तपासण्या करतात’ ही तक्रार वॉर्डात रोज ऐकू येते आणि तिच्यामागची तगमग मला कळते, तरीही हे दिवस वाया गेलेले नसतात.

कुठे जावे, बरोबर काय न्यावे

ज्या रुग्णालयात बालकर्करोगतज्ज्ञ, मुलांचे सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाभोवती बसून प्रत्येक मुलाचा निर्णय एकत्र घेतात, तिथेच हा उपचार व्हावा. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे १९४१ पासूनचे आणि महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असलेले नाव आहे. पण छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय हीही आहेत. योजना मोठ्या केंद्रात ठरवून घ्यावी आणि घराजवळ देता येण्यासारखा उपचार जवळच घ्यावा, असाही मार्ग निघतो. तो स्वतःहून विचारावा लागतो.

जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या कागदांऐवजी तारखेनुसार लावलेली फाइल न्यावी. एमआरआयचा नुसता अहवाल नको, सीडीही हवी. बायोप्सी आधी झाली असेल तर गाठीचा नमुना जपलेल्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. ते मागणे पालकांचा हक्क आहे आणि ते नसतील तर मुलाला पुन्हा सुई टोचावी लागते. आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर ऑपरेशनची सविस्तर टिपणी मागावी. गाठ एका तुकड्यात निघाली की फुटली, ही एक ओळ पुढचा उपचार बदलू शकते.

पैशांचे काम पहिल्याच दिवशी सुरू करावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे, म्हणजे मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि मुलाचे आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जावे, आणि मुलाच्या नावाचे स्पेलिंग दोन्हींवर सारखे आहे ना, हे गाव सोडण्यापूर्वीच पाहावे. एका अक्षराने मंजुरी आठवडाभर अडलेली मी पाहिली आहे. समाजसेवा विभागाकडे मुक्कामाचीही चौकशी करावी. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक कुटुंबांचा आधार आहे, आणि सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोग झालेल्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहायला खोली देते. तिथे खोली मिळण्यासाठी रुग्णालयाचे पत्र लागते. रेल्वेच्या भाडेसवलतीसाठीही ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून मिळतो.

केमोचे महिने

गाठ मोठी किंवा नाजूक जागी असेल तर, आणि बहुतेक वेळा ती तशीच असते, आधी केमो देऊन ती आकसवतात आणि मग शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करतात. व्हिन्क्रिस्टिन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन-डी ही दोन औषधे, आणि त्यांच्या जोडीला अमेरिकी पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड किंवा युरोपीय पद्धतीत आयफॉस्फामाइड, हा गेल्या काही दशकांचा पाया आहे. दर तीन आठवड्यांनी एक फेरी, सुरुवातीचे काही आठवडे मध्ये व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन, असे ते चालते. यातली दोन औषधे शिरेबाहेर गळली तर कातडी जाळतात, म्हणून औषध थेट मोठ्या शिरेत नेणारी नळी, म्हणजे छातीत कातडीखाली बसवलेला पोर्ट किंवा दंडातून घातलेली पिक लाइन, लागते. हाताच्या शिरेत सलाईन लावून हे भागवण्याचा आग्रह धरू नये. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतूनच द्यायचे असते. पाठीच्या कण्यात ते गेले तर जीव जातो, त्यामुळे कण्यातली सुई आणि हे इंजेक्शन एकाच वेळी, एकाच खोलीत होऊ नयेत, अशी विनंती पालकांनीही करावी.

व्हिन्क्रिस्टिनचा नसांवर होणारा परिणाम आधी घरातच दिसतो. मूल चालताना पाऊल आपटते, जिना उतरायला घाबरते, आणि पट्टा नसलेली चप्पल पायातून निसटू लागते. ती निसटताना मुलाला कळतही नाही आणि ते एका पायात चप्पल घालून पुढे जाते. हे दिसले की पुढच्या भेटीत सांगावे. डोस कमी करता येतो, फिजिओथेरपी आणि पायाला आधार देणारी पट्टी देता येते, आणि उपचार संपल्यावर बहुतेक मुले पूर्ववत चालतात. याच औषधाने बद्धकोष्ठ होते. त्यासाठी सारक औषध नियमित द्यावे, पण एनिमा कधीही देऊ नये. बुरशीवरची काही औषधे, विशेषतः इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल, व्हिन्क्रिस्टिनचा त्रास कैक पटींनी वाढवतात. गावाकडच्या डॉक्टरांनी कोणतीही नवी गोळी दिली तर ती घेण्याआधी केंद्राला विचारावे. हाच नियम काढे, भस्मे आणि पपईच्या पानांच्या रसालाही लागू आहे. अ‍ॅक्टिनोमायसिनमुळे काही मुलांच्या यकृताला सूज येते. पोट फुगणे, वजन अचानक वाढणे, डोळे पिवळे होणे ही त्याची चिन्हे, आणि अशा वेळी घरगुती औषधांनी डॉक्टरांची दिशाभूल होते.

सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. त्या दिवशी भरपूर सलाईन आणि गरजेप्रमाणे मेस्ना हे संरक्षक औषध दिले जाते, आणि आईचे काम एवढेच की मुलाला रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठवून लघवीला न्यावे. लघवी गुलाबी दिसली तर लगेच सांगावे. हीच औषधे पुढे अपत्य होण्याच्या क्षमतेवरही परिणाम करतात. वयात आलेल्या मुलाचे वीर्य पहिल्या फेरीआधी गोठवून ठेवता येते, मुलींसाठीही काही पर्याय असतात. पंधरा वर्षांच्या मुलासमोर हा विषय कसा काढायचा म्हणून गप्प बसू नये, तो डॉक्टरांना काढू द्यावा.

ताप आला तर

हा भाग फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, वॉर्डाच्या भाषेत ‘काउंट पडतात’. त्या काळात काखेत थर्मामीटर लावून ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो पण जंतुसंसर्ग तसाच राहतो. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन या काळात नकोत. गुदद्वारात थर्मामीटर लावू नये.

ज्यांचे गाव मोठ्या केंद्रापासून आठ-दहा तासांवर आहे त्यांनी पहिल्या फेरीनंतर घरी परतण्यापूर्वी डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्यावे, ज्यात आजाराचे नाव, शेवटच्या केमोची तारीख, तापात कोणते अँटिबायोटिक कोणत्या डोसने द्यायचे आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे स्पष्ट असेल. ते जिल्हा रुग्णालयात आधीच दाखवून यावे. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला हे सगळे तोंडी समजावणे कोणत्याही बापाला जमणारे नाही.

घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला आणि मूल त्याच्याजवळ होते, तर मुलाला काही त्रास नसला तरी त्याच दिवशी कळवावे. पल्स पोलिओचे थेंब या मुलाला आणि घरातल्या इतर भावंडांनाही देऊ नयेत. भावंडांना इंजेक्शनवाली लस देता येते.

शस्त्रक्रिया आणि शेक

चार-पाच फेऱ्यांनंतर पुन्हा एमआरआय होतो आणि उरलेल्या गाठीचे काय करायचे ते ठरते. अवयव किंवा त्याचे काम न गमावता ती पूर्ण निघत असेल तर काढतात. डोळ्याच्या खोबणीत किंवा कवटीच्या तळाशी असेल तर बहुधा काढत नाहीत, किरणोपचारावर, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात त्यावर, सोपवतात, आणि ‘गाठ आत ठेवूनच शेक देताहेत’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डोळा वाचवून आजार बरा करणे यामुळेच शक्य झाले आहे. किरणांचा डोस साधारण ३६ ते ५०.४ ग्रे (ग्रे हे किरणांचे माप) असतो, रोज १.८ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे पूर्ण डोसासाठी २८ दिवस, सुट्ट्या धरून साडेपाच-सहा आठवडे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना रोज थोडी भूल द्यावी लागते, म्हणून त्यांना सकाळी उपाशी ठेवावे लागते, आणि उपाशी मुलाला सांभाळणे हाच या काळातला सर्वांत अवघड भाग, असे बहुतेक आया सांगतात. पहाटेचा नंबर मागून घ्यावा. खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांची सोय आहे. मेंदूजवळच्या किंवा ओटीपोटातल्या गाठीत शेजारच्या अवयवांना कमी डोस जावा म्हणून तो पर्याय आपल्या मुलाला लागू आहे का, हे विचारावे. प्रत्येकाला त्याची गरज नसते.

गाठ दिसेनाशी होते तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर पुष्कळ मुलांची गाठ हाताला लागेनाशी होते, केस गेलेले असले तरी चेहऱ्यावर तरतरी येते, आणि नेमके तेव्हाच पेरणी, मोठ्या भावाची दहावी, घरातले लग्न किंवा संपलेले पैसे यांपैकी काहीतरी आडवे येते. उपचार इथे सुटतात. जी गाठ बोटाला लागत नाही तिच्यात लाखो पेशी शिल्लक असू शकतात, आणि अर्धवट केमोनंतर परतलेला आजार आधीच्या औषधांना जुमानत नाही. आजार एका जागी मर्यादित असेल आणि उपचार पूर्ण झाले, तर पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार दहापैकी सुमारे सात मुले दीर्घकाळ जगतात. आधीच दूर पसरलेल्या आजारात हे प्रमाण तिनांत एकाहूनही कमी होते. अडचण आली तर न सांगता थांबू नये. तारीख पुढेमागे करता येते, समाजसेवा विभाग पैशांची वाट काढू शकतो.

मुख्य उपचार संपल्यावर आणखी सहा महिने कमी ताकदीची औषधे द्यायची, असे अलीकडे अनेक केंद्रे सुचवतात, आणि पालकांना ते नको होते. यामागे युरोपातला एक मोठा अभ्यास आहे, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला. अधिक धोक्याच्या गटातल्या मुलांना व्हिनोरेल्बिनची इंजेक्शने आणि रोज सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या सहा महिने दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेले. या आजारात एवढी मोठी झेप फार वर्षांनी दिसली. ही औषधे ओपीडीत देता येतात आणि बरीच मुले त्या काळात थोडीफार शाळाही करतात.

उपचार संपल्यावर

पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते, मूळ जागेचे एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे, मग अंतर वाढत जाते. पोर्ट कधी काढायचा ते विचारून घ्यावे. तो विसरून वर्षभर राहिलेली मुले आहेत. राहिलेल्या लसी साधारण सहा महिन्यांनी, सल्ला घेऊन पुन्हा सुरू कराव्यात. डोळ्याजवळ शेक घेतलेल्या मुलाला काही वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो, चेहऱ्यावर शेक घेतलेल्याचे दात आणि जबड्याचे हाड मागे पडू शकते, हातापायावर घेतलेल्याचा तो अवयव थोडा आखूड राहू शकतो, आणि आयफॉस्फामाइड मिळालेल्या मुलाच्या मूत्रपिंडांची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते. कुटुंबात कमी वयात स्तनाचा, मेंदूचा किंवा हाडाचा कर्करोग झालेली माणसे असतील तर जनुकीय सल्ला घ्यावा, कारण काही घरांत या आजाराचे मूळ आनुवंशिक असते आणि ते भावंडांनाही लागू पडते.

शेवटच्या भेटीत उपचारांचा एक पानी गोषवारा मागून घ्यावा : कोणती औषधे एकूण किती गेली, किरण कोणत्या जागी किती ग्रे दिले, शस्त्रक्रिया कोणती झाली. त्याच्या चार प्रती काढाव्यात आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. मूल पंचवीस वर्षांचे होऊन दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसेल तेव्हा पायावरच्या त्या व्रणाबद्दल तिथे विचारले जाईल, आणि लहानपणी नेमके काय झाले होते ते त्याला स्वतःला आठवत नसेल.